आठ चाळीसचं चित्र

इंदिरा नगरातल्या त्या सोसायटीत कॅमेऱ्यांचं जुनं रेकॉर्डिंग काढून द्यायचं काम हेमचंद्र गद्र्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि त्यापायी त्यांचं डोकं रोज उठायचं. अहो, रेल्वेत सिग्नल इंजिनिअर म्हणून जन्म काढलेला माणूस, आणि लोक येऊन म्हणणार, 'अंकल, वो सुबह वाला दिखा दीजिए.' सुबह म्हणजे कधी? तारीख, तास, मिनिट टाका, नेमकं तेवढंच चित्र समोर येतं. पण नाही, यांना पट्टी मागेपुढे सरकवत बसायचं असतं.

मंगळवारी मात्र वेळ नेमकी कळली होती. तीन वर्षांची एक मुलगी गेटबाहेर रस्त्यावर जाऊन पडली. आई खाली आली तर मुलगी गार्डच्या खुर्चीत रडतेय आणि गार्ड शिवपाल गायब. शिवपालचं म्हणणं, मीच धावत जाऊन तिला उचललं, मग कापूस आणायला पळालो. त्याच्या मोबाइलवर तेव्हा आठ चाळीस झाले होते, असंही त्याने सांगितलं. हेमचंद्रांनी कमिटीसमोर सकाळचे आठ चाळीस टाकले. रिकामी खुर्ची, ना मुलगी ना शिवपाल. तो काकुळतीला आला तसे हे आणखीच भडकले. मशीन खोटं बोलत नाही, असं त्यांनी ठणकावलं, आणि शिवपालची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी तेच चित्र त्यांनी बायकोला, वासंतीबाईंना, दाखवलं. कडेला शाळेची बस होती. वासंतीबाई म्हणाल्या, "ही तर साडेआठला येते. शिवपाल तेव्हा रस्त्यात उभा राहून गाड्या अडवतो."

बसला उशीर झाला असेल, म्हणून हेमचंद्र खेकसले. मग मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांची नजर गेली. गेल्या महिन्यात लाइट गेल्यावर मशीनची वेळ त्यांनीच लावली होती, स्वतःच्या घड्याळावरून. ड्युटी चुकू नये म्हणून ते घड्याळ गेली पस्तीस वर्षं दहा मिनिटं पुढे होतं. ते स्वतः मनातल्या मनात वजाबाकी करत. मशीन कुठून करणार?

त्यांनी आठ पन्नास टाकले. पडद्यावर शिवपाल धावत बाहेर गेला, मुलीला कडेवर घेऊन आला, आणि आपल्या गळ्यातल्या गमछ्याने तिचे गुडघे पुसू लागला.

त्यांनी त्याला फोन लावला. शिवपाल आलमबागच्या बस अड्ड्यावर, गावच्या गाडीत बसला होता. हेमचंद्रांनी सगळं कबूल केलं, परत ये म्हणाले, कमिटीला मी सांगतो म्हणाले.

"साहब, टाइम तो मैंने सही बताया था," शिवपाल म्हणाला. "आपने मशीन की मानी."