वसूताईच्या डोळ्यांखालचं जागरण

वसूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पडाव भागातल्या माझ्या फोटो स्टुडिओत एका नवरीचा फोटोतला चेहरा उजळ करत बसलो होतो. हात थांबला… आणि मग ते काम पुरं करूनच मी उठलो. ते अजून टोचतं.

वसूताई माझी मावसबहीण. तिनं आयुष्यभर घरातल्याच माणसांचे फोटो काढले. जयेंद्रगंजला मावशीच्या घरी खिडकीशी स्टूल टाकून, कॅमेरा मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहायची. समोरच्याला तिचा विसर पडला की मगच बटण दाबायची. मेथी निवडणारी मावशी, शेवटच्या आजारात मावशीकडून नखं कापून घेणारे काका… मावशी मात्र करवादायची, उजेड अडतोय, सरक. दिल्लीला प्रदर्शन झालं तेव्हा म्हणाली, ‘‘माझा फाटका पदर दिल्लीला दाखवून आलीस!’’

ते फोटो पाहून मी घरी आलो आणि झोपलेल्या वडिलांचा फोटो काढला. लग्नामुंजी सोडून घरच्यांवर कॅमेरा धरायचं तोवर सुचलंच नव्हतं. पुढे एकदा डोळे चोळत हसणारी वसूताईही मी टिपली. ती म्हणाली, ‘‘यावर हात फिरवशील तर बघ. तुझी सवय मला माहीत आहे.’’

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरभर तिनं काढलेले फोटो, तिचा एकही नाही. माझ्याकडचा तेवढा एक. मी तो उघडला, आणि हात सवयीनं चालला. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचा काळेपणा गेला. सवयीनंच मूळ फोटोवर तो जतनही झाला. दुसरी प्रत नव्हती.

मावशीनं फ्रेम डोळ्यांजवळ धरली. ‘‘ही कोण रे?’’

‘‘वसूताई, मावशी.’’

‘‘नव्हे. हिनं कधी कुणासाठी जागरण केलेलं दिसत नाही.’’ मग माझा चेहरा बघून तिला कळलं असावं. ‘‘असू दे. लोकांना कुठं मालूम आहे.’’

परवा जयेंद्रगंजला गेलो होतो. स्टूल अजून खिडकीशीच आहे. मावशी मेथी निवडत होती. मी पहिल्यांदाच त्या स्टुलावर बसलो. बराच वेळ गेला. मान वर न करता ती म्हणाली,

‘‘वसू, उजेड अडतोय गं.’’

तिचा हात थांबला… मी जरा सरकून बसलो. मेथीवर पुन्हा ऊन आलं.