दाजींच्या दारातून अठ्ठावन्न किलोमीटर

कन्याकुमारीहून निघाल्याच्या तेविसाव्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, मी श्रीगोंद्यात शिरलो. मीटरवर पंधराशे शेहेचाळीस किलोमीटर झाले होते, पंक्चर सात. पारनेरजवळचं आमचं गाव इथून अठ्ठावन्न किलोमीटर. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि हवेत मळीचा वास. आपला भाग आला हे पाटीच्या आधी नाकाला कळलं.

निघताना बायकोशी, सुमनशी, अट ठरली होती. सगळं अंतर पायडल मारून केलं, तर पुढच्या सफरीला ती हरकत घेणार नाही. कुठल्याही गाडीवर एक फर्लांगही बसलो, तर सायकल भंगारात. चढावर सायकल हातात धरून चाललेलं चालेल, हे पोटकलम मी मागून घातलं. तिनं ते कुरकुरत मान्य केलं.

श्रीगोंद्यात माझी थोरली बहीण, अक्का, राहते. तिच्याकडे जेवल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. तिनं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या) केले होते. मी चार वाट्या खाल्ल्या आणि वीस मिनिटं म्हणून आडवा झालो. उठलो तेव्हा ओट्यावर सायकल नव्हती.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"दाजी, सायकल कुठंय?"

"गेली."

"कुठं?"

"तुमच्या घरी. शेजाऱ्याची पिकअप कांदा घिऊन पारनेरला चालली हुती, दिली टाकून. तुमी आता निवांत माझ्या मोटरसायकलवर चला."

मी डोक्याला हात लावला. अट सांगितली. दाजींवर काही परिणाम नाही.

"मेव्हना जेवूनखाऊन माझ्या दारातनं सायकलवर गेला, तर भावकी काय म्हनंल? पाव्हन्याला सोडायला यांच्याकडं पेट्रोल न्हाई?"

पिकअपवाल्याला पाच वेळा फोन लावला. उचलला नाही. "त्याच्या गाडीत गानी लई मोठ्यानं असत्यात," दाजी म्हणाले.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. "नसते उद्योग करायला कुनी सांगितलं हुतं तुमाला? भाऊ, तू माझी सायकल घिऊन जा. घंटी वाजत न्हाई, ब्रेक पुढचाच हाय." अक्का अंगणवाडीत शिकवते, रोज त्याच सायकलवर जाते. पुढे टोपली असलेली लेडीज सायकल. अटीत सायकल कोणती हे ठरलेलं नव्हतं. टोपलीत सुमनसाठी शेंगोळ्यांचा डबा ठेवला आणि सव्वाला निघालो.

सायकलवरचा मेव्हणा ही बदनामी, तर लेडीज सायकलवरचा मेव्हणा म्हणजे काय! दाजींनी मोटरसायकलला किक मारली आणि माझ्या मागे, माझ्याच वेगानं, येऊ लागले.

बेलवंडीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. तिथं झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आमची वरात बघून दाजींना थांबवलं.

"काय ओ, चोरली का काय सायकल त्यानं?"

"न्हाई, मेव्हना हाय माझा."

"मग जाऊ द्या की त्याला."

पुढे ऊस विरळ झाला, ज्वारी आली, मग नुसतं माळरान. माझे गुडघे हँडलला लागत होते. सुप्याच्या अलीकडे चेन पडली. ती बसवून निघालो तर चढ लागला. दाजी शेजारी आले.

"आता तरी बसा. एकच किलोमीटर. कोन बघतंय?"

"मी बघतोय."

"मी वहिनींना सांगनार न्हाई."

"पण ती मला विचारेल ना!"

खरं सांगतो, त्या चढावर मागची सीट मला फार मऊ दिसली. मी खाली उतरलो आणि पोटकलमाचा आधार घेत चालू लागलो. दाजींनी पहिल्या गिअरमध्ये कपाळाला हात मारला.

सहा वाजून दहा मिनिटांनी घर आलं. माझी सायकल तीन तास आधीच पोचली होती. अंगणात ती धुऊनपुसून उभी, हँडलला झेंडूचा हार, चाकाला कुंकू. नारळ फुटला होता, फोटो निघाले होते, आणि गावकरी खोबरं खाऊन आपापल्या घरी गेले होते. दारात सुमन एकटीच उभी.

"सायकलीला ओवाळून झालं," ती म्हणाली. "आता भंगारवाल्याला बोलवायचं का?"

"मी पायडल मारत आलोय."

"साक्षीदार?"

दाजी कंबर धरून उतरले. "वहिनी, तेवीसदा बसा म्हनालो. एकदा न्हाई बसले. माझंच कंबारडं गेलं."

राहवेना म्हणून मीच सांगितलं, "पण माझ्या सायकलीचे अठ्ठावन्न किलोमीटर कमी भरतात."

"अट तुमची हुती का सायकलीची?"

"माझी."

"मग जिंकलात. पुढच्या सफरीला माझी हरकत न्हाई. या आत."

हातपाय धुताना जाणवलं ते असं. एवढ्या वाटेत शंभरेक अनोळखी माणसांनी मला रस्ता दाखवला, पाणी दिलं आणि जाऊ दिलं. अडवलं ते फक्त ज्यांच्या ताटात जेवलो त्यांनी. घर जवळ आल्याची खरी खूण मळीचा वास नव्हे, ही असावी.

जेवायला बसलो तेव्हा सुमन अक्काशी फोनवर बोलून आली.

"उद्या सुट्टी हाय, पण परवा अक्काला अंगणवाडीत जायचंय. तिची सायकल उद्या पोचली पायजे."

"पिकअपमध्ये टाकू."

"पिकअप कशाला? सफरीला हरकत न्हाई म्हनलं ना मी? सकाळी निघा."

दाजींनी घाईघाईनं शेवटचा घास घेतला. "मी आत्ताच निघतो," ते हात धुवायला उठत म्हणाले. "न्हाईतर उद्या परत ह्यांच्या मागं मागं जावं लागंल."