साडूंचा तह

कोणत्याही दोन माणसांमध्ये तह घडवून आणण्याची आमच्या साडूंइतकी हौस अख्ख्या जर्मनीत दुसऱ्या कुणाला नसेल. पहिल्या महायुद्धानंतर बड्या देशांनी एकत्र बसून कुणी किती युद्धनौका ठेवायच्या आणि त्या किती वजनाच्या असायच्या, याचे जे करार केले, त्यांवर ते संशोधन करतात. त्यामुळे भांडण दिसलं की त्यांना आधी त्याचं वजन करावंसं वाटतं. वोल्फ्सबुर्गला त्यांच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींवरून शेजाऱ्यांची जुंपली, तेव्हा साडूंनी घरटी सायकलींचं वजन ठरवून दिलं. महिन्याभरात, तोवर एकच मोडकी सायकल असलेल्या म्हाताऱ्यानेसुद्धा नवी अवजड ई-बाइक आणून आपला कोटा काठोकाठ भरला. केलरमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, पण साडू खूश. "गेनाऊ! अगदी बरोबर! क्रूझर युद्धनौकांचं हेच झालं होतं, साडूभाऊ. मर्यादा घातली की जो तो मर्यादेपर्यंत बांधतो."

असा माणूस घरात असताना आमच्या बायकांनी भांडावं, हा त्यांच्या दृष्टीने योगच होता. सासूबाई नाशिकहून यायच्या होत्या आणि आई कुणाकडे जास्त राहणार, यावरून दोघी बहिणींनी अबोला धरला होता. माझी बायको थोरली, लुडविग्सहाफेनला, धाकटी वोल्फ्सबुर्गला. "मागच्या वेळी आई ताईकडेच होती," या एका वाक्यावर फोन बंद झाले. साडूंनी आठवडाभर दोन्हीकडे बोलणी करून तह केला. मुक्काम आळीपाळीने आणि समसमान, पुरणपोळ्यांचा घाट प्रत्येक मुक्कामात एकदाच आणि हस्तांतर मधल्या कासेल स्टेशनच्या फलाटावर, फक्त जावयांमार्फत. दोन्ही आरमारं समोरासमोर आली नाहीत की ठिणगी पडत नाही, असं त्यांचं मत. तह उत्तम चालला. दोघींनी पुरणपोळ्यांचं कलम मात्र एकदाही वाया जाऊ दिलं नाही, आणि पुरण वाटून बिचाऱ्या सासूबाईंचे हात दुखायला लागले.

मग एका हस्तांतराला सासूबाई कासेलच्या बाकावर बसल्या त्या उठेनात.

"आई, आमची गाडी येईल आता," साडू म्हणाले.

"येऊ दे. जावईबापू, वाटणी तुम्ही अगदी चोख केलीत, माझी तक्रार नाही. पण दोघी मुलींना एकत्र बसलेलं मी अजून पाहिलंच नाही हो. आता परत नाशिकला जायची वेळ आली."

इतक्या वाटाघाटींत आईंना विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. मग साडूंनी आपल्या बायकोला फोन लावला. "आल्झो, तर ऐक, तह मी मोडतोय. आईंना घेऊन ताईंकडे निघालोय, तूही तिकडेच ये."

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आमटीत गूळ किती घालायचा यावरून दोघी बहिणी कडाकडा भांडल्या, मग हसल्या. सासूबाई स्टुलावर बसून दोघींकडे पाहत होत्या. साडू भांडी घासत होते. मध्ये पडायला ते एकदाही वळले नाहीत.

सासूबाईंना आता डॉक्टर विमानप्रवास करू देत नाहीत. त्या पुन्हा येतील असं वाटत नाही, आणि याचं आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटतं. पण अधूनमधून एखाद्या रविवारी साडू धाकटीला घेऊन एवढ्या लांबून गाडी चालवत आमच्याकडे येतात, आईंना फोनच्या एकाच पडद्यावर दोघी मुली दिसाव्यात म्हणून. कोण जास्त वेळ बोललं, हे ते आता बघत नाहीत.