लिस्बनच्या चढावर विंचूरचा जोर

मला कुणी 'तुला जमणार नाही' म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजा. या स्वभावाचा ताप नवऱ्याला होतो, सासूबाईंना होतो, आणि लिस्बनमध्ये एकदा एका अख्ख्या ट्रामला झाला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा लिस्बनला राहत होतो. शहर देखणं, पण सपाट जागा औषधालाही सापडायची नाही. नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या गेटबाहेर पडलं की स्कूटरला किक मारायची आणि निघायचं, एवढाच माझा प्रवासाचा अभ्यास. तिथे स्कूटर नव्हती, गाडी नव्हती. होता पाच वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि तिची बाबागाडी. घर टेकडीच्या पायथ्याशी, शाळा पार वर. मधे एका डब्याची जुनी ट्राम, जी अशा अरुंद गल्ल्यांतून जायची की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला लागावा.

सुरुवातीला माझी फजिती झाली, ती सांगण्यासारखी नाही. ट्राममध्ये चढताना बाबागाडी मिटायची नाही, मिटली तर मुलगी पळायची, मुलगी धरली तर मुलगा खालीच राहायचा. हळूहळू जमलं. मुलगी कडेवर, बाबागाडीला पायाने एक टोला, मुलगा पुढे. तीन महिन्यांत मी अशी तरबेज झाले की तिथल्या बायका मला वाट सोडून द्यायला लागल्या.

मुलाचं मात्र जमत नव्हतं. घरी दिवसभर टकळी चालू, आणि शाळेच्या गेटात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. आल्यापासून तो शाळेत एक अक्षर बोलला नव्हता. मी रात्री उशीत तोंड घालून रडायचे, खोटं कशाला सांगू. त्याच्या बाई फार मायाळू होत्या. शाळेच्या कार्यक्रमात मुलं कोळी होऊन जाळं ओढणार होती, त्यात त्यांनी याला मुद्दाम एकच शब्द दिला. त्यांच्या भाषेतला 'ओढा'. हा तो शब्द म्हणणार आणि मग सगळ्यांनी ओढायचं. गडी आठवडाभर बाथरूमचं दार लावून तो शब्द घोकत होता. मला तो त्याच्या तोंडून स्टेजवर ऐकायचा होता, बाकी काही नको होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी नेमका नवरा कामासाठी बाहेरगावी. सकाळी सासूबाईंचा नाशिकहून फोन. "अगं, दोन पोरं घेऊन एकटी कुठे त्या डोंगरावर जातेस? एक दिवस शाळा बुडली तर काय कलेक्टर व्हायचा राहतोय का तो?" नवरा फोनवर म्हणाला, टॅक्सी कर. टॅक्सीत धाकटी हमखास ओकते हे त्याला माहीत नव्हतं, कारण ती त्याच्या अंगावर कधी ओकली नव्हती. मी मुलाला चौकड्यांचा शर्ट आणि कोळ्याची टोपी घातली आणि ट्राम गाठली.

अर्ध्या चढावर ट्राम थांबली. कुणी तरी दीडशहाणा आपली पिटुकली गाडी रुळाला चिकटवून लावून गेला होता. ड्रायव्हरने घंटा बडवली, फोन केला आणि हाताची घडी घालून बसला. गाडी उचलायला क्रेन येणार, तोवर कार्यक्रम आटोपला असता. बाबागाडी आणि दोन मुलं घेऊन तो उरलेला चढ चालत वेळेत गाठणं शक्यच नव्हतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. ओठ आत ओढून घेतलेले, डोळे काठोकाठ.

मला एकदम विंचूर आठवलं. माझं माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत. लहानपणी एका लग्नाला जाताना विंचूरजवळ कांद्याची ट्रॉली रस्त्यात आडवी फसली होती आणि आमची बस अडली होती. वडील इस्त्रीचे कपडे घालून सगळ्यांत आधी उतरले होते. "चला, उतरा रे खाली! बसून ऱ्हायल्यानं ट्रॉली निघनार हाय का?" म्हणत त्यांनी अख्खी बस खाली उतरवली, बाह्या सरसावल्या आणि ट्रॉली ढकलून काढली. आम्ही अक्षता टाकायला वेळेवर पोचलो. अडलं की उतरायचं, एवढंच मला ठाऊक होतं. तिकडे तसं करत नाहीत, हे डोक्यातच आलं नाही.

धाकटीला मी खिडकीजवळच्या आजीबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि उतरले. गाडीच्या मागच्या बंपरला हात घातला आणि ट्रामकडे बघून "या!" म्हणून ओरडले. आधी लोक हसले. मग एक डिलिव्हरीवाला पोरगा उतरला, मग दोन धिप्पाड पर्यटक, मग भाजीच्या पिशव्या खाली ठेवून दोन बायका. ड्रायव्हरने तोंड दुसरीकडे फिरवलं. म्हणजे परवानगीच.

"लावा जोऽऽर!" मी ओरडले. सगळे माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही म्हणायचं हैय्या," मी हाताने उचलून दाखवत म्हणाले. त्यांना बरोबर समजलं. लावा जोऽऽर, हैय्या! गाडीचं बूड उचललं आणि थोडं सरकलं. आणखी एकदा. आणखी एकदा. वरच्या गॅलऱ्यांतून लोकही हैय्या म्हणायला लागले. शेवटच्या हैय्याला गाडी भिंतीला जाऊन टेकली आणि ट्रामला अंग चोरून जाण्यापुरती वाट झाली. आत टाळ्यांचा कडकडाट. मी पदर नसतानाही पदर खोचल्याच्या थाटात आत शिरले. मुलगा दारात उभा होता, तोंडाचा आ करून.

आम्ही पोचलो तेव्हा पडदा नुकताच उघडत होता. बाईंनी त्याला हाताला धरून थेट स्टेजवर नेलं. मुलांनी जाळं धरलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो गप्प. बाईंनी कडेने हळूच शब्द सांगितला. गप्पच. घोकलेला शब्द तो विसरला होता आणि बाईंचा त्याला ऐकू गेला नव्हता, हे मला लांबूनही दिसत होतं.

मग त्याने टोपी मागे सारली, छाती भरून घेतली आणि गरजला, "लावा जोऽऽर!"

कुणाला काही कळलं नाही. जाळं तसंच. तो थांबून राहिला, उत्तराची वाट बघत, आणि ते उत्तर त्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं.

मी धाकटीला कडेवर घेऊन उठले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "हैऽऽय्या!"

जाळं आलं.