आलेखात नसलेली भट्टी

जगात कोण कशावर शोधनिबंध लिहितो ते मोजायचं आणि ऊर्जेचं कोणतं तंत्र वर चाललंय, कोणतं खाली, ते कंपनीला सांगायचं, एवढंच माझं काम. निबंध संगणक वाचतो. मी फक्त आलेख पाहतो. हे गोंदियात घरी बसून जमतं, म्हणून शेजारी मला रिकामटेकडा समजतात. मीही कुणाची समजूत काढायला गेलो नाही.

माझी ताई इंजिनिअर. दवनीवाड्याकडच्या एका राइस मिलमध्ये धानाचं तूस भट्टीत घालून त्याचा गॅस करायची आणि त्यावर मिलचं इंजिन चालवायची. गॅसबरोबर डांबरासारखा चिकटा यायचा, नळ्या तुंबायच्या. कित्येक वर्षं तिची नखं काळीच होती. सरकारी निधी संपत आला, तेव्हा मुदतवाढीच्या अर्जाला जोडायला तिने माझ्याकडे आलेख मागितला.

काढून दिला. बॅटऱ्यांची रेघ आभाळाला भिडलेली, तुसाची उतरणीला लागलेली.

"हे कायले उतरून राहिलं?"

"लोक लिहीत नाही आता. काम जमलं असंल, नाही तर नाद सोडला असंल. आलेखात दोन्ही सारखंच दिसते."

"अन् मी?"

"तू एकबी पेपर नाही लिहिला. तू याच्यात नाहीच."

"लिहाले वेळ कुठं होता? नळ्या साफ करून राहिली होती मी."

लाकूड, शेण, उसाची चिपाडं सगळं एकत्र मोजलं असतं तर रेघ चढती दिसली असती. मी तसं सुचवलं. ती म्हणाली, "खरा आहे तोच लाव."

अर्ज नामंजूर झाला. कारण म्हणून माझाच आलेख दाखवला होता. मला वाईट वाटलं, आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. मिलमालकाने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मशीन तो चल रही है ना, मॅडम?" चालत होती. अजूनही चालते.

मग ताईला वेळच वेळ होता. नळ्या कशा तुंबल्या आणि शेवटी कशा तुंबेनाशा झाल्या, ते तिने लिहून काढलं.

पुढच्या वर्षीच्या मोजणीत तुसाच्या रेघेवर एक निबंध वाढला. एका निबंधाने काही रेघ फिरत नाही. मी अहवालात लिहिलं, घसरण कायम. मग ताईचा निबंध उघडला आणि या नोकरीत पहिल्यांदाच एक निबंध शेवटपर्यंत वाचला.