गरमी नावाचं रक्त

माझ्या डाव्या कानात अजून मधूनच शिट्टी वाजते. ती बाबांची देणगी.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि बाबा तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये लालभडक सळ्या ओढत होते. त्यांच्यामागून संडासात गेलं की रक्त दिसायचं. मी बादलीभर पाणी ओतायची. मिलमध्ये त्याला कुणी रक्त म्हणत नसे. भट्टीपुढे राबणाऱ्याच्या अंगातली गरमी उतरते, एवढंच. त्यावर उपाय ताक, सब्जा आणि कच्चा कांदा.

त्याच उन्हाळ्यात आतड्याच्या कॅन्सरवर संशोधन करणारी एक डॉक्टरीण फॉर्म घेऊन आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघर फिरत आली. संडासातून रक्त जातं का, तिनं हिंदीत विचारलं. बाबा नाही म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना गरमी होती. मी मध्येच तोंड घातलं की जातं, मी रोज धुते. पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्यांचा हात कानशिलावर बसला आणि माझं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं. परक्या बाईसमोर पोरीनं बापाचा संडास काढला होता. मीही त्यांचीच पोर. ताकाचा तांब्या उचलून भिंतीवर असा हाणला की तो चेपला. डॉक्टरणीनं घाबरून 'नाही'वर खूण केली आणि ती निघून गेली.

दीड वर्षानं बाबांचं पोट फुगलं, ते गुरासारखे ओरडू लागले, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. सर्जन बोटानं गुदद्वार तपासायला लागले तर बाबांनी त्यांना लाथ घातली. दोघा वॉर्डबॉयनी दाबून धरल्यावर अर्ध्या मिनिटात त्या बोटाला गाठ लागली. अर्धं मिनिट. गरमी म्हणणाऱ्या प्रत्येकाचं मुस्काट फोडावंसं मला वाटलं, आणि त्यात पहिले बाबाच होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फॉर्म आला, या वेळी सिस्टरच्या हातात. रक्त कधीपासून जातं? मी दात आवळून उभी होते. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग तिले, रक्तच जाते. तुले हाणलं ना, त्याच्याही पह्यलेपासून."

मी सिस्टरला हिंदीत सांगितलं, दो साल. ती लिहीत होती तेव्हा बाबांनी माझ्या कानाकडे हात नेला. मी झटकन मागे सरले.