पूर्ण वाक्य

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच... आईने लोकांच्या शेतात खुरपून मला डॉक्टर केलं. त्या शिक्षणाशी बेइमानी नको, म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

साल १९९१. कल्याणच्या एका हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीला नवीनच लागलेलो. आमचे सर सांगायचे – "म्हाताऱ्या माणसाला धाप लागली की 'कसं वाटतंय' विचारू नका, 'बरं आहे'च म्हणणार. बोलतं करा. एका श्वासात किती शब्द होतात ते मोजा." मी ते मनापासून पाळायचो.

दर रविवारी मी गावी शेजारच्या मास्तरांकडे फोन लावायचो. ते आईला बोलावून आणत. "जेवलास का?... बरी हाय... ठेवते." संपलं! परक्याच्या घरी लाजते, असं मी समजायचो.

एका दुपारी खाडीकाठच्या एका कोळी आजींना मुलाने उचलून आणलं. "डाक्टर, आयेला दमा हाय. एरवी बाजारात शंभर जनांना गप करील, आज बगा!"

आजींना दोन शब्दांपुढे जाता येईना. पायांवर सूज, आडवं केलं की जीव घाबरा. दमा नव्हे, हृदय थकलेलं. बसतं ठेवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला, इंजेक्शन दिलं आणि आजींकडे पाठ करून केसपेपर लिहायला बसलो.

मागून आवाज आला, स्वच्छ – "नामू आधी चार घास खाऊन घे बाबा मला आता कायबी त्रास न्हाई."

"हो गं, जेवतो," म्हणत मी लिहिलंसुद्धा – पूर्ण वाक्य बोलते. "सिस्टर, आजी बोलायला लागल्या. मास्क काढून बघू."

"कोण बोललं? आजींनी तोंडसुद्धा उघडलं नाही. आणि डॉक्टर, मला 'हो गं' काय म्हणता?"

वळून पाहिलं. आजींचा श्वास अजून तसाच, भराभर चाललेला. मास्क काढला असता तर...! शिवाय इथे मला नामू म्हणणारं कोणीच नव्हतं. मी ती ओळ खोडली, खाली सही केली.

आजी वाचल्या. संध्याकाळी तर मुलालाच झापत होत्या. तेवढ्यात मास्तरांचा फोन आला.

"नामदेव... दुपारी आई गेली रे. दोन महिने भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. तुला सांगू नका म्हणून शपथ घातलेली आम्हाला."

दोन महिने. म्हणजे आठ-नऊ रविवार. दिवसभर परक्यांचे शब्द मोजणारा मी... आईचे कधी मोजलेच नाहीत.

गावाहून परतल्यावर तो केसपेपर पुन्हा काढून पाहिला. खोडलेल्या रेघेखाली माझंच अक्षर, स्पष्ट वाचता येणारं.

ते कोण बोललं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण मी ऐकलंय – एवढं लांब वाक्य, आणि ती मध्ये एकदाही दम घ्यायला थांबली नव्हती.